उलटा अंथरलेला फ्लेक्स

आमच्या भोसरीतल्या वर्कशॉपमध्ये पॅकिंगला एक काका आहेत, मूळचे दिघीचे. माझं वाक्य संपायच्या आत ते "व्हय शेठ" म्हणतात आणि मग स्वतःला पटेल तेच करतात.

कंपनीचं नाव व्हावं म्हणून मी दरवर्षी रक्तदान शिबिर भरवतो. मला सुईची भीती वाटते, त्यामुळे रक्त कामगार देतात. फ्लेक्सवर हसतो मात्र मी. शिबिर उरकलं की काका विचारतात, "फ्लेक्स घरी नेऊ का?" मला वाटायचं, माणूस किती मानतो आपल्याला!

परवा त्यांच्या आळीत अन्नदानाला गेलो. माझ्याच फ्लेक्सवर पंगत बसली होती, छापील बाजू खाली. काका भात वाढत होते आणि लोक एकमेकांना सांगत होते, "काकांच्या कंपनीनं दिलंय बसायला." कंपनीचं नाव झालं होतं, फक्त मी कुठे दिसत नव्हतो.

माझा उतरलेला चेहरा पाहून काका म्हणाले, "मुद्दाम उलटा टाकलाय शेठ. तुमच्या तोंडावर पाय नको पडाया."

मी निमूट मांडी घातली, बहुधा स्वतःच्याच नाकावर.

"पुढच्या वर्षी जरा मोठा करा," काका आमटी वाढत म्हणाले, "लोकं वाढल्यात..."

त्यांचं वाक्य संपायच्या आत मी "व्हय" म्हणालो, आणि फोटोही मोठा करायचं मनात ठरवून टाकलं.