प्लायवूडचा बुरूज

बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी कितीतरी गुन्हे हाताळले. बहुतेकांचे तपशील आता धूसर झाले आहेत, पण त्या नाटकाच्या तालमीतला अपघात मात्र अजून पुसला जात नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता. तपासही आठ दिवसांत संपला. तरी आठवणींबद्दल कोणी विचारलं की आधी तोच समोर येतो. त्यात चूक माझी होती, हे त्याचं कारण असावं.

तेव्हा मी सेनगाव तालुक्यात एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत एक बाजाराचं गाव होतं. तिथल्या हौशी नाट्यमंडळाचं दरवर्षी हिवाळ्यात एक नाटक व्हायचं. ग्रामपंचायतीच्या सभागृहात पहिला प्रयोग झाला की मंडळी तेच नाटक स्पर्धेला घेऊन जात. त्या वर्षी ऐतिहासिक नाटक होतं. किल्लेदाराची मुख्य भूमिका गावातल्या शाळेचे एक मास्तर करत होते. उंचेपुरे, आवाज खणखणीत, गावाचे लाडके.

एका मंगळवारी दुपारी ठाण्याचा फोन वाजला. रंगीत तालीम चालू असताना मास्तर बुरुजावरून खाली पडले, जबर लागलंय, असं कळलं. आम्ही पोचेपर्यंत त्यांना जीपमध्ये घालून नांदेडला नेलं होतं. रंगमंचावर प्लायवूड आणि गोणपाटाचा, करड्या रंगात रंगवलेला आठ फुटी बुरूज एका बाजूला कलंडून पडलेला होता. मी पंचांना बोलावलं आणि पंचनामा सांगायला सुरुवात केली. लेखनिक हवालदार लिहून घेत होता. पाहिलेली प्रत्येक वस्तू मोजून लिहायची, अशी मला सवय होती. बुरुजाचा सांगाडा मागच्या लाकडी चौकटीला चार बोल्टांनी जोडायची सोय होती, पण त्या चारही भोकांत बोल्ट नव्हते. ते सापडले विंगेतल्या अवजारांच्या पेटीत. ती पेटी नेपथ्य करणाऱ्या सुताराची होती.

हा सुतार त्याच गावचा. वय पंचेचाळीसच्या आसपास. पंधरा-सोळा वर्षं मंडळाचं सगळं नेपथ्य तोच करत होता. राजवाडा, देऊळ, कचेरी, जे सांगाल ते पोती, बांबू आणि प्लायवूडमधून उभं करायचा. प्रयोगभर दोरीपाशी उभं राहून पडदाही तोच ओढायचा. प्रेक्षकांनी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाचे कार्यवाह ठाण्यात आले. हजेरी चालू होती, तेवढा वेळ बाकावर बसून राहिले. मग आत येऊन हळू आवाजात म्हणाले की आपलं नाव कुठं येऊ नये, पण एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. दोन दिवसांपूर्वी सुताराचं आणि मास्तरांचं सगळ्यांसमोर कडाक्याचं भांडण झालं होतं, आणि सुतार मास्तरांना म्हणाला होता, “पडशील. मग मला सांगू नको.” सुताराला पहिल्यापासून नाटकात काम करायची हौस होती, दरवर्षी तो एखादी भूमिका मागायचा, मिळाली नाही म्हणून त्याच्या मनात अढी होती, असंही त्यांनी सांगितलं.

सोळा वर्षं मागूनही त्याला एक भूमिका का मिळाली नाही, हे मी कार्यवाहांना विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

मी मंडळातल्या आणखी तिघांचे जबाब घेतले. भांडण झालं होतं हे तिघांनीही सांगितलं, आणि ‘पडशील’ हा शब्द तिघांनीही ऐकला होता. बोल्ट त्याच्या पेटीत सापडले होते. हेतू होता, धमकी होती, मुद्देमाल होता. एवढं जुळून आलं की पोलिसाला आपण हुशार असल्याचा भास होतो. मास्तरांच्या भावाची फिर्याद नोंदवली आणि त्याच दुपारी जीप काढली.

तो आठवडी बाजाराचा दिवस होता. सुतार सभागृहातच होता, मोडलेल्या फळ्या वेगळ्या करत बसला होता. मी त्याला जीपकडे चल म्हणालो. बाजारातून जीपला रस्ता नव्हता, म्हणून चावडीपाशी जीप उभी केली होती. तिथपर्यंत त्याला भाजीवाल्यांच्या आणि कापडवाल्यांच्या मधून चालत नेलं. बेडी घातली नव्हती, पण शिपायाचा हात त्याच्या दंडावर होता. सगळा बाजार थांबून बघत होता. गावातल्या एका वार्ताहराने विचारलं, तेव्हा मीच त्याला सांगितलं की आरोपी अटक केला आहे, तपास चालू आहे. तिसऱ्या दिवशी बातमी छापून आली.

न्यायालयाने पोलीस कोठडी दिली. मी हात उचलला नाही, हे खरं आहे. पण शब्दांनी काय करता येतं हे मला चांगलं ठाऊक होतं. त्याला समोर उभं करून मी तासन्‌तास तेच तेच विचारलं. तो एकच सांगत राहिला.

“साहेब, म्या खरं सांगून राहिलो. सकाळी पडदा आणायला हिंगोलीला गेलो, तवा चारी बोल्ट आवळून गेलतो. तुमी खुणा बघा.”

“कसल्या खुणा?”

“खडूच्या. जिमिनीवर.”

मला वाटलं, विषय बदलून राहिलाय. मी म्हणालो, “तुला नट व्हायचं होतं. कुणी केलं नाही. म्हणून जो झाला त्याला पाडलंस.”

त्यावर त्याने मान खाली घातली ती त्या दिवशी पुन्हा वर केली नाही. गुन्हेगाराची मान अशीच खाली जाते, असं मी तेव्हा समजलो. अपमान झालेल्या माणसाचीही तशीच जाते. हा फरक ओळखायला मला बराच उशीर लागला.

तपासाला वळण दिलं ते आमच्या लेखनिक हवालदाराने. निवृत्तीला आलेला, डोळ्यांवर जाड भिंगं, कामात अतिशय काटेकोर. कागदपत्रांच्या नकला करताना तो पंचनामा घेऊन माझ्या टेबलापाशी आला.

“साहेब, तुमी इथं लिवायला सांगितलंय की जिमिनीवर खडूच्या चार खुणा हायेत, आन् बुरुजाचे पाय उभे असल्याचे ओरखडे त्याच्या दोन हात पुढं हायेत. हे बराबर हाय ना? का माझ्या लिवण्यात चूक झाली?”

मी तो कागद घेतला. अक्षर त्याचं होतं, पण मजकूर माझा होता. बुरुजाच्या पायांच्या जागी चार चौकोनी खुणा, पांढऱ्या खडूच्या. ओरखडे त्यांच्यापासून दोन हात पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला. मीच पाहिलं होतं, मीच मोजलं होतं, आणि वाचलं मात्र नव्हतं.

सुताराने नुसते बोल्ट काढले असते, तर बुरूज खुणांवरच उभा राहिला असता. तो पुढे सरकला होता. तेवढं वजन एकट्याला हलवता आलं नसतं, त्याला चार माणसं लागली असती. आणि सुतार तर, त्याच्या सांगण्याप्रमाणे, तेव्हा हिंगोलीत होता.

मी कार्यवाहांना आणि नाटकात शिपाई झालेल्या तिघांना बोलावून वेगवेगळं बसवलं. अर्ध्या तासात सगळं बाहेर आलं. मागे उभं राहिलं की मास्तरांच्या चेहऱ्यावर दिव्याचा उजेड नीट पडत नव्हता. बुरूज पुढे घ्या, असा त्यांचा हट्ट होता. सुताराने नकार दिला होता. मागच्या चौकटीशिवाय बुरुजाला आधार नाही, पुढे घेतलास तर पडशील, असं त्याने सांगितलं होतं. भांडण होतं ते एवढंच. सुतार हिंगोलीला गेलेला पाहून चौघांनी त्याच्याच पेटीतला पाना घेतला, बोल्ट काढले, ते पेटीत टाकले आणि बुरूज पुढे ओढला. मास्तर पडल्यावर सगळे घाबरले. कार्यवाह सर्वांत आधी घाबरले, म्हणून ठाण्यात सर्वांत आधी आले.

मी नांदेडला रुग्णालयात जाऊन आलो. मास्तरांचा पाय आणि कंबर जायबंदी झाली होती. पुढे ते काठीशिवाय चालू शकले नाहीत. मी विचारलं तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाले, “मीच म्हणालो होतो पुढं घ्या. त्याचा काही दोष न्हाई.” शुद्धीवर आल्यावर हे का कळवलं नाही, असं मी विचारलं. त्यांनी चादर तोंडावर ओढून घेतली.

सुताराविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल न्यायालयात दिला आणि त्याची सुटका झाली. चौघांवर निष्काळजीपणाचा गुन्हा लागला, त्यात पुढे तडजोड झाली. कागद पूर्ण झाले. सुताराने नोंदवहीत सही केली, पेटी ताब्यात घेतली. मी म्हणालो, “जा आता.” ठाण्याच्या मागच्या बाजूला एस.टी.चा थांबा होता. तो मागच्या दाराने निघून गेला. मी कामाला लागलो. वर्षभरात माझी बदली झाली.

निवृत्तीनंतर मी हिंगोलीत राहायला आलो. दोन वर्षांपूर्वी औंढ्याला एका नातेवाइकाकडे जाऊन आल्यावर मनात काय आलं कोण जाणे, दुसऱ्याच दिवशी त्या गावी गेलो. घर शोधायला वेळ लागला नाही. भिंतीवर तथागतांची तसबीर होती, अंगणात अर्धवट झालेली एक बाज. त्याचे केस सगळे पांढरे झाले होते. त्याने मला ओळखलं, खुर्ची दिली, बायकोला चहा ठेवायला सांगितलं. मी पहिल्यांदाच त्यांना ‘तुम्ही’ म्हणालो.

नाटकाचं काम चालू आहे का, असं विचारलं. त्यांनी सांगितलं की त्यानंतर सभागृहात पाऊल ठेवलं नाही. मंडळाने बोलावलंही नाही. शाळेने बाकांचं काम दुसऱ्याला दिलं. पोरीचं ठरत आलेलं लग्न मोडलं, नंतर दोन वर्षांनी दुसरीकडे झालं. हे सगळं त्यांनी कुणाची तक्रार केल्यासारखं नाही, विचारलं म्हणून सांगितलं.

मी म्हणालो, माझी चूक झाली होती. तुम्ही खुणा बघा म्हणत होतात, मी बघितल्या नाहीत.

त्यांनी कप खाली ठेवला.

“त्याचं काही न्हाई साहेब. चूक कुणाचीबी व्हते. तुमाला कळलं, तुमी सोडलं. पण नेताना भर बाजारातून नेलं, पेपरात दिलं. सोडलं तवा कुणाला सांगितलं? मी घरी आलो, तर शेजारी इचारून राहिला, काहून सोडलं, काय मिटवलं का? लोकायला मी काय सांगणार? माझं कोण ऐकणार?”

सुटकेच्या दिवशी त्यांना त्याच जीपमधून चावडीपर्यंत नेऊन सोडायला दहा मिनिटं लागली असती. त्या वार्ताहराला दोन ओळी सांगायला एक मिनिट. नियमांच्या कुठल्याही पुस्तकात ते लिहिलेलं नव्हतं, म्हणून मला सुचलं नाही. निर्दोष माणसाला सोडलं की आपलं काम संपलं, असं मी नोकरीभर मानत आलो. माणसाला कोठडीतून सोडणं आमच्या हातात असतं, ते आम्ही करतो. गावाच्या मनातून सोडवणंही बऱ्याच वेळा आमच्याच हातात असतं, आणि ते आम्ही करत नाही. नव्या अधिकाऱ्यांपुढे बोलायची वेळ आली की मी आता एवढंच सांगतो. अटक ज्या आवाजात कराल, सुटकाही त्याच आवाजात करा.

निघताना मी त्यांना म्हणालो की मी हे सगळं लिहितो, नावानिशी लिहितो, म्हणजे गावाला कळेल. त्यांनी बाजेची सैल दोरी ओढून घट्ट केली.

“आता नका लिहू साहेब,” ते म्हणाले. “लोकं इसरत आलेत. नाव आलं की पुन्हा सुरू व्हईल. तवा लिवलं असतं तर झालं असतं.”

म्हणून इथे त्यांचं नाव नाही.