हाकेला वळलेला घोडा

पेणच्या बाजारातला आमचा न्हावी रेसचा एवढा वेडा, की केस कापता कापता शर्यतच सांगायचा. घोडे शेवटच्या वळणावर आले की त्याची कात्री अशी उधळायची, की गिऱ्हाईक दोन्ही कान मुठीत धरून बसायचं. एके काळी दर रविवारी अर्धं पेण त्याच्यामागून मुंबईला रेसकोर्सवर जाई. पुढे तीच माणसं त्याच्याच दुकानात मोबाईलवर पैसे लावत बसू लागली. "रविवारी येतोस काय रं?" तो एकेकाला विचारी. कोणी मान वर करायचेही कष्ट घेईना.

शेवटी मीच त्याच्याबरोबर गेलो. रेसकोर्सवर प्रेक्षकांचा स्टँड इतका ओसाड, की कबुतरंसुद्धा कंटाळून घरी गेलेली. आम्ही पैसे लावलेला घोडा सगळ्यांच्या पुढे होता. ह्याने बोंब ठोकली, "पळ रं माज्या राजा!" पूर्वी ती बोंब गर्दीत विरून जायची. त्या दिवशी घोड्याला चक्क ऐकू गेली. घोडा थांबला, मान वळवून त्याने ह्याच्याकडे पाहिलं, आणि तेवढ्यात बाकीचे सगळे पुढे निघून गेले.

"घालवलीस ना रेस!" मी ओरडलो.

तो मात्र डोळे पुसत हसत होता. "जाऊ दे रं. हाक मारल्यावर वळून बघणारं कोणतरी हाय अजून."