भिंतीवरची तार आणि नागपूरचा सायलेन्सर

पांढुर्ण्याच्या नागपूर रोडवर उत्तम गजभियेचं गाड्यांचे सायलेन्सर बनवायचं टिनाच्या शेडमधलं दुकान आहे. त्याला पाटी नाही. लावायची म्हणून दोनदा रंगवून आणली, दोन्ही वेळा तिच्यावर पाइप ठेवून वेल्डिंग केलं आणि पाटी जळाली. पण कोणाचं अडलं नाही. दुकानाची मागची भिंतच अशी आहे की एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. जमिनीपासून छतापर्यंत वाकड्यातिकड्या तारा टांगलेल्या, आणि प्रत्येक तारेला एक चिठ्ठी.

उत्तमची कामाची रीतच तशी. गाडी आली की आधी पाठीवर झोपून गाडीखाली सरकायचं. जाड, मऊ तार इंजिनापासून मागच्या बंपरपर्यंत वाकवत न्यायची. कुठं चाकांचा आस आडवा येतो, कुठं टाकी लोंबते, सारं त्या तारेत उतरायचं. मग जाम नदीची वाळू कढईत भाजून कोरडी करायची, पाइपात ठासून भरायची, पाइप लाल होईस्तोवर तापवायचा आणि तारेकडं पाहत एकेक वळण द्यायचं. आत वाळू असली म्हणजे वळणावर पाइप चेपत नाही. काम झाल्यावर तार फेकायची नाही. मालकाच्या नावाची चिठ्ठी बांधून भिंतीवर टांगायची. सावरगावचा एक माणूस गाडी विकून आठ वर्षं झाली तरी वर्षातून एकदा येतो, आपली तार पाहतो, चहा पितो आणि जातो.

रेडीमेडचं नाव काढलं की उत्तमचं तोंड कडू व्हायचं. एकदा कुणाल नावाचा पोरगा नव्या गाडीसाठी मोठ्या आवाजाचा सायलेन्सर मागायला आला, मोबाइलवर फोटो दाखवू लागला. उत्तमनं फोटो नीट पाहिला आणि म्हणाला, "आवाजच पायजे तं बँडवाला बसव ना मागच्या सीटवर." कुणाल गेला तो सरळ नागपूरला. उत्तमनं ही गोष्ट पुढं महिनाभर जो येईल त्याला सांगितली. लोक हसायचे आणि त्याची मान आणखी ताठ व्हायची.

मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर सौंसरचे यशवंतराव गुरुजी आले. निवृत्त विज्ञान मास्तर, संत्र्याची बाग, आणि कंपनीनं बनवणं कधीच बंद केलेली एक पांढरी मोटार. तिचा सायलेन्सर सडून गळून पडला होता. मूळ कंपनीचा मिळत नव्हता. नागपूरला रेडीमेड मिळत होता, पण दुकानदार म्हणाला होता की जवळपास बसेल. गुरुजींना त्या 'जवळपास'ची चीड आली. जन्मभर मुलांच्या वह्यांत 'जवळपास बरोबर' असा शेरा त्यांनी कधी दिला नव्हता.

उत्तमनं तार घेतली तेव्हा गुरुजी धोतर सावरत शेजारी उकिडवे बसले. तारेचं एकेक वळण पाहून त्यांना इतका आनंद झाला की चिठ्ठी त्यांनी स्वतःच लिहिली, फळ्यावरच्या अक्षरात: यशवंतराव, सौंसर. उत्तमनं शनिवारचा वायदा दिला, तोंडातून निघाला तसाच. शनिवारी गुरुजींची लेक उर्वशी येणार होती, तिला स्टेशनवरून आणायचं होतं.

मंगळवारी उत्तमला ताप भरला. ताप दोन दिवसांत उतरला, पण हाताची बोटं सुजून अशी आखडली की बायको इंदूला त्याच्या सदऱ्याची बटणं लावून द्यावी लागली. इंदूनं साधं सांगितलं की गुरुजींना फोन करा, हात दुखतो म्हणा, आठ दिवस मागा. त्यात काही चूक कबूल करायची नव्हती, नुसतं दुखणं सांगायचं होतं. पण उत्तमला ते होईना. एवढ्या वर्षांत त्याचा वायदा कधी चुकला नव्हता, आणि हात चालत नाही हे शब्द त्याच्या तोंडून निघेनात.

शुक्रवारी तो बसनं नागपूरला गेला आणि तोच, जवळपास बसणारा, रेडीमेड सायलेन्सर गोणपाटात गुंडाळून घेऊन आला. स्टिकर खरवडलं. खालच्या अंगाला पत्र्यात दाबलेला नंबर ग्राइंडरनं घासला. वरच्या अंगाला आणखी एक नंबर होता, तो बोटं दुखतात म्हणून राहू दिला. तिथं पालीशिवाय कोण बघणार? मग सगळ्याला काळा रंग मारला. इंदू दारात उभी राहून बघत होती. मग ती कढई उचलून आत घेऊन गेली. त्या कढईत वाळू भाजली गेली नव्हती.

शनिवारी गुरुजी गाडी घेऊन आले. उत्तमनं दुखऱ्या बोटांनी सायलेन्सर कसाबसा बसवून दिला. गुरुजी खूश झाले, हातच्या कामाचे पूर्ण पैसे देऊन गेले. आणि उत्तमनं ते घेतले. वर विचारलं नसताना सांगितलंही की सहा ठिकाणी वाकवावा लागला.

खरी फजिती पुढं झाली. रेडीमेड मापाचा नव्हता, तो आसाला खेटत होता. रस्त्यावर गतिरोधक आला की खालून खडाड असा आवाज यायचा. दुसरा कोणी असता तर गाडी परत आणून आदळली असती. गुरुजींनी काय करावं? लोधीखेड्यापासून सौंसरपर्यंत ज्याला गाडीत बसवलं त्याला ते सांगू लागले की हे हातचं काम आहे, यंत्राचं मुकं असतं, हातचं बोलतं. आणि हे त्यांनी दुकानात येऊन, चार गिऱ्हाइकांसमोर, उत्तमच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं. उत्तम कानस शोधायच्या निमित्तानं खाली वाकला आणि बराच वेळ वर आलाच नाही. समोर भिंतीवर फळ्यावरच्या अक्षरातली चिठ्ठी लोंबत होती. त्या दिवसापासून तो त्या भिंतीकडं पाठ करून काम करू लागला.

जानेवारीत गुरुजींचा फोन आला. सौंसरला त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा होता. हातानं काम करणाऱ्या एका माणसाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा होता आणि गुरुजींनी उत्तमचं नाव सुचवलं होतं. तार घेऊन ये म्हणाले, मी ती मंचावर सगळ्यांना दाखवणार.

उत्तम दोन दिवस नीट जेवला नाही. तिसऱ्या दिवशी इंदूनं कढई आणून त्याच्यासमोर ठेवली. बोटं आता मोकळी झाली होती. त्यानं भिंतीवरची तार काढली, वाळू भाजली आणि सायलेन्सर बनवला. आधी थाप मारली होती तेवढी सहा वळणंही नव्हती त्याच्यात, पाचच होती.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी सकाळी तो सायलेन्सर पोत्यात बांधून सौंसरला पोचला. गुरुजी बागेत गेले होते. गुरुजी यायच्या आत बदलून टाकायचा, मग कोणाला काही सांगायचंच काम नाही, असा त्याचा बेत. गुरुजींच्या पत्नी केसरबाई अंगणात संत्री निवडत बसल्या होत्या. उत्तमनं सांगितलं की सहज तपासणीला आलो, आणि तो गाडीखाली सरकला. जुना सायलेन्सर निम्मा सुटला असेल, तेवढ्यात एक संत्रं घरंगळत त्याच्या कानाशी आलं. मागोमाग केसरबाईंचा आवाज.

"अंगणाले उतार हाये भाऊ. रोज दोन-चार संत्री जाते गाडीखाली. टार्च घेऊन काढा लागते मले."

उत्तमचा हात थांबला.

"वरच्या अंगाले नंबर हाये त्याच्यावर," केसरबाई म्हणाल्या. "हातच्या कामाले नंबर कुठून आला, मले समजलं नाही."

संत्री टोपलीत पडत राहिली, एक, मग एक. मोठ्यानं रागावल्या असत्या तर उत्तमला बरं वाटलं असतं. शेवटी त्यानं पडल्यापडल्याच विचारलं, "गुरुजीले सांगतलं का बाई तुमी?"

"कायले सांगू? साऱ्या गावाले सांगून राहिले ते, हातचं बोलते म्हणून. त्यायचं तोंड पाहून मले सांगवलं नाही." आणि थोड्या वेळानं, "मी नाही सांगणार. पण तुमी चोरावानी आज हे बदलून राहिले, तं मंग उद्याची शाल कोणाची हो भाऊ?"

गुरुजी आले तेव्हा गाडीला खरा सायलेन्सर लागलेला होता. त्यांनी किल्ली फिरवली. गाडी मऊ, एकसुरी आवाजात चालू झाली. फाटकातून बाहेर काढून गुरुजींनी ती गतिरोधकावरून नेली, मागं आणली, पुन्हा नेली. खडाड झालं नाही. खाली उतरून त्यांनी आधी गाडीकडं, मग उत्तमच्या पायाशी पडलेल्या काळ्या नळकांड्याकडं पाहिलं.

"हिचं बोलणं बंद झालं, उत्तम."

आता खोटं बोलायला जागा होती. म्हणता आलं असतं की आधीचा आसाला खेटत होता, म्हणून दुसरा बनवला. केसरबाई टोपली घेऊन आत निघून गेल्या होत्या, जणू ती जागा त्यांनीच त्याला मोकळी करून दिली. उत्तमनं नळकांडं उचललं, वरची बाजू पुढं केली आणि नंबरावर बोट ठेवलं. ताप, बोटं, नागपूर, काळा रंग, सगळं सांगितलं. मान मात्र वर झाली नाही. तो सारा वेळ गुरुजींच्या चपलांशीच बोलत होता.

गुरुजी पायरीवर बसले. बराच वेळ त्यांनी चष्मा पुसला.

"दोन महिने मी त्या खडखडीले कला म्हणून राहिलो," ते म्हणाले. "विज्ञान शिकवलं मी तीस वर्षं."

उत्तमला आपली लाज एकट्याची वाटत होती. आता पाहिलं तर तिचा अर्धा भाग त्यानं एका म्हाताऱ्या मास्तराच्या डोक्यावर ठेवलेला होता. त्यानं हात जोडून म्हटलं की शाल नको, नाव काढून टाका, उद्या मी येत नाही. आणि कामाचे पैसेही परत घ्या.

गुरुजींनी मान हलवली. "तू आला नाही तं ते सारं मलेच सांगा लागन. यायचं. दोन्ही घेऊन यायचं."

मेळाव्यात उत्तम मंचावर चढला तेव्हा त्याच्या एका हातात तार होती आणि दुसऱ्या हातात नागपूरचा सायलेन्सर. भाषण त्याला कधी जमलं नव्हतं. चार-पाच वाक्यांत त्यानं सांगितलं की गुरुजींच्या गाडीत जो आवाज तुम्ही ऐकला तो हातचा नव्हता, तो माझ्या खोट्याचा होता. हे नळकांडं विकत आणून मी हातचं म्हणून दिलं. पहिल्या रांगेतले काही जण त्या गाडीत बसलेले होते. ते गुरुजींकडं पाहू लागले आणि गुरुजी सतरंजीकडं. कोणी टाळी वाजवली नाही, कोणी हसलंही नाही. उत्तम शाल न घेता खाली उतरला. इंदू मागच्या रांगेत होती. तिनं त्याच्या हातातलं नळकांडं घेतलं आणि दोघं बसस्टँडवर चालत गेले.

गुरुजींची तार पुन्हा भिंतीवर आहे. तिच्या खाली तो काळा सायलेन्सर टांगलेला आहे, नंबर दिसेल असा. त्यालाही चिठ्ठी आहे, उत्तमच्या ओबडधोबड अक्षरातली: यशवंतराव, सौंसर, रेडीमेड.

या उन्हाळ्यात कुणाल परत आला. नागपूरला बसवलेला सायलेन्सर दगडाला लागून फुटला होता. उत्तमनं गाडीखाली जाऊन पाहिलं आणि सांगितलं की या गाडीचा तयार माल बरोबर मापाचा मिळतो, तोच घे, मी फुकट बसवून देतो. हातचा करायची गरज नाही. कुणालला ते खरं वाटेना. बँडवाल्याची आठवण त्यालाही होती. मग त्याची नजर भिंतीवर गेली. एवढ्या तारांमधी हे काय टांगलं काका, त्यानं विचारलं.

उत्तमनं पाना खाली ठेवला, हात पुसले आणि सांगायला सुरुवात केली. ती गोष्ट तो विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, एक शब्दही न गाळता. फक्त पूर्वीसारखं लोकांच्या तोंडाकडं पाहून सांगत नाही. आपल्या बोटांकडं पाहून सांगतो.