नानकटाईवरचा राजा

प्रभाला वाटून टाकल्याशिवाय चैन पडत नाही. ड्रेस्डेनच्या आमच्या इमारतीत दिवाळीचा फराळ तिच्याकडून प्रत्येक दारी जातो. तिचा नवरा दिनकर कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, मुलगी तनया शाळेत जाते. दिनकर म्हणतो, "एक दिवस ही मलाही डब्यात घालून शेजारी देईल."

यंदा तिने एल्बे नदीकाठच्या जुन्या वस्तूंच्या बाजारातून बोटाच्या पेराएवढा काळा दगड आणला. नळीसारखा गोल, आरपार भोक, अंगभर कोरीव काम. नक्षी उठवायचं लाटणं असेल, असं समजून तिने तो नानकटाईच्या पिठावर फिरवला. चित्र उमटलं: खुर्चीत बसलेला राजा, आणि कुणालातरी हाताला धरून त्याच्यापुढे नेणारी बाई. मी तिची शेजारीण, माझं आयुष्य रंगभूमीवर गेलेलं; असा प्रवेश बघून मी टाळी वाजवली.

भाऊबीजेच्या सकाळी दारात एक अनोळखी जर्मन उभा होता. हातात रुमाल, रुमालात प्रभाची नानकटाई.

"गोड कमी झाली का?" प्रभाने जर्मनमध्ये विचारलं.

तो हसला नाही. "ज्या दगडाने हे चित्र उठवलंत, ती मेसोपोटेमियाची, शिक्का उमटवायची मुद्रा आहे. हजारो वर्षांपूर्वीची. इराकमधून आणलेली. बाजारात चुकून गेली." मग हळूच म्हणाला, "उद्या न्यायला येतो. तुमची तनया रोज एकटीच येते ना शाळेतून?"

तो गेल्यावर दिनकरने घाईघाईने दार लावलं. "देऊन टाक गं. नागरिकत्वाचा अर्ज सरकारकडे आहे आपला. त्यात चोरीचा माल सापडला तर?"

"आजवर सगळ्यांना दिलं, कारण ते माझं होतं," प्रभा म्हणाली. "हे त्याचंही नाही आणि माझंही नाही. मावशी, पोलिसांकडे येता?"

दिनकर तनयाला आणायला धावला. आम्ही दोघी चौकीत शिरलो. समोर खुर्चीत अधिकारी. प्रभाचे पाय अडखळले, म्हणून मी तिचा हात धरून तिला पुढे नेलं, आणि अंगावर काटा आला. हा प्रवेश मी पिठावर पाहिला होता.

तिने मुद्रा टेबलावर ठेवली, सगळं सांगितलं. अधिकाऱ्याने विचारलं, "नानकटाई कुणाकुणाकडे गेली?"

"सगळ्यांकडे," प्रभा म्हणाली.

"म्हणजे त्याला ती तुमच्याच इमारतीतल्या कुणीतरी दिली."

मी काचेतून बाहेर पाहिलं. ट्रामच्या थांब्यावर तोच जर्मन उभा होता, आमच्याकडे बघत, सावकाश नानकटाई खात.