चटणीत घालायचा राहिलेला गूळ

पाणी भरलं, चूल पेटवली, चिंच कोळून चटणी केली. आमच्या नायगावच्या चाळीतली सकाळ. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला निघताना नवऱ्याने चटणी चाखली.

"अगं, आंबट झालीय. गूळ घाल."

"घोषणा देऊन तुमचंच तोंड आंबट झालंय! संध्याकाळी घालते."

मोर्चावर गोळीबार झाला. ते परत आलेच नाहीत.

आज नातीने भजीबरोबर आंबटगोड सॉस वाढला. मी घरीच वाचायला शिकलेली, बाटलीवरचं लेबलही वाचते. घटकांत पहिलं नाव साखरेचं.

"यात पोषण काय गं?"

"आजी, चवीपुरतं असतं ते!"

त्यांनीही चवीपुरतंच मागितलं होतं. मी सॉस बाजूला सारला.

मैत्रिणींनो, तुमचं असं काही राहिलंय का?

मोर्चाच्या दुसऱ्या दिवशी घरात चूल पेटली नाही. मी त्या चटणीत गूळ घातला.