ताम्हणाचा लाल थर

सन १९५४, फेब्रुवारी. पहाटे थंडी आणि दुपारी चटके देणारे ऊन. कामरगावच्या शाळेत मी शिवण शिकवीत असे. शाळेतले किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत. ट्रंकेत दाबलेल्या कपड्यांसारखे झाकण उघडताच आपणच वर येतात. आमचे बहुतेक किस्से विज्ञानाच्या गोविंदराव मास्तरांचे. त्यांची नोकरी तात्पुरती. इन्स्पेक्टरसाहेबांसमोर प्रयोग साधला, तरच कायम होणार!

त्या प्रयोगासाठी मास्तरांनी कापले काय? घरचे पूजेचे ताम्हण! मी जागीच थिजले.

“मास्तर, देवाचं भांडं काहून कापून राह्यले तुमी?” सखाराम शिपाई ओरडला.

“शुद्ध तांबं आहे रे. देव समजून घेईल.”

“देव घेईन हो. घरच्या बाई घेतीन काय?”

मास्तर दोन दिवस शाळेतच जेवले!

त्याआधी एकदा, लोहाराकडची लोखंडाची काळी खपली चुंबकाला चिकटते, तांबडा गंज चिकटत नाही, हे दाखवून मास्तरांनी चुंबक ठेवला तो नेमका हेडमास्तरांच्या घड्याळाला खेटून. घंटा त्याच घड्याळावर होई. त्या दिवशी काटे रेंगाळले आणि शाळा दिवेलागणीपर्यंत भरली!

ताम्हणाचे दोन तुकडे भट्टीत तापवून निवविले. वरचा काळा पापुद्रा सुटला, खाली लाल थर उरला. त्यातून वीज एकाच दिशेने जाते. तारा उलट जोडल्या की वीज मोजायच्या यंत्राची सुई ढिम्म!

सखाराम म्हणाला, “आमच्या सासऱ्यावानी झालं. घरात येऊ देते, जाऊ देत नाई!”

तपासणीच्या सकाळी मी विज्ञानाचे कपाट आवरले. आत ते डागाळलेले तांबे! साहेबांपुढे असे ठेवायचे? शिव शिव! डब्यातली चिंच आणि मीठ घेऊन एक तुकडा लख्ख घासला. तेवढ्यात चिंच संपली.

मास्तरांनी साहेबांपुढे नेमका तोच उचलला. तारा जोडल्या, सुई हलली. उलट जोडल्या, तरी हलली! मास्तरांचा चेहरा पांढराफटक. माझ्या हाताला अजून चिंचेचा वास येत होता.

मी उठून उभी राहिले. “साहेब, तो मी घासला.”

साहेबांनी दुसरा तुकडा मागितला. सुई एकाच दिशेने हलली. त्यांनी दोन्ही तुकडे शेजारी ठेवून बराच वेळ न्याहाळले. मास्तरांना विचारले, “एक थर असलेला, एक थर घासून काढलेला. हे असं मुद्दाम योजलंत?”

मास्तरांनी माझ्याकडे पाहिले, आणि ते तारा गुंडाळू लागले.

पुढल्या सोमवारी हुकूम आला : गोविंदराव कायम! त्याच दिवशी प्रयोगसाहित्याच्या यादीत त्यांनी स्वहस्ते भर घातली : ‘चिंच, पाव शेर.’