तीन फेऱ्या

ती मला एकदाच भेटली, नेदरलँड्समधल्या समुद्राकाठच्या रेस ट्रॅकवर. तिथे वर्षातून दोनचार दिवस कुणालाही आपली रोजची गाडी पळवता येते. पन्नाशीची, आइंडहोव्हनची मराठी बाई. दर तीन फेऱ्यांनी ती बाहेर यायची, तापलेले ब्रेक चिकटू नयेत म्हणून हँडब्रेक न लावता चाकाखाली लाकडाची पाचर सारायची आणि ते निवेपर्यंत खुर्ची टाकून डबा खात बसायची. बाकीचे हसायचे.

"काकू, रेसिंगचे ब्रेक पॅड घाला की," मीही शहाणपणा केला. "माझे दहा फेऱ्या मारल्या तरी दमत नाहीत."

"आणि सकाळी ऑफिसला निघतोस तेव्हा? थंड असताना लागतात?"

"पहिले एकदोन ब्रेक जरा उशिरा लागतात. सवय होते."

तिने डब्याचं झाकण खाडकन लावलं. "सवय तुला झाली. तुझ्या गल्लीतल्या सायकलवाल्यांना सांगितलंयस का? इथे ब्रेक दमले तर मी थांबेन. हसू देत."

पाचर काढून ती पुन्हा ट्रॅकवर गेली.

त्या संध्याकाळी आमच्या आल्मेरे गावात शिरल्यावर, स्टेशनपासून घरापर्यंतच्या सायकलींमधून मी गाडी चालत्या माणसाच्या वेगाने आणली. त्याच आठवड्यात रेसिंगचे पॅड काढून साधे घातले.

आता माझ्याही गाडीत पाचर असते. तीन फेऱ्या झाल्या की मी बाहेर येतो. लोक हसतात. हसू देत.